अण्णांचा गिझर, आईची भाकरी आणि दाराची दुसरी किल्ली

वाचकाचं पत्र: माझं माहेर जुळे सोलापुरात. अण्णा ऐंशीचे, आई बहात्तरची. दोघंच राहतात. मी पुण्यात, दादा बंगळुरात. अण्णा निवृत्त शिक्षक, इंग्रजी सिनेमाचे शौकीन. जीन हॅकमन त्यांचा आवडता नट. तो आणि त्याची बायको घरात मृत सापडले, गॅसचा संशय आहे, ही बातमी आली तेव्हापासून आमच्याकडे वाद पेटलाय. दादा म्हणतो, गॅस बंद करा, सगळं विजेवर घ्या. आई म्हणते, इंडक्शनवर भाकरी होत नाही आणि लाइट गेली की काय करायचं? अण्णांना न्हाणीतला गॅस गिझरच हवा. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणतात. हल्ली ते विसरतातही. चहाचं आधण ठेवून विसरले आणि पातेलं जळालं, असं दोनदा झालं. आई सोबत असते म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. गॅस बरा की वीज, ते एकदाचं सांगा.

ताई,

आधी निकाल सांगते, कारणं मागून. न्हाणीतला गॅस गिझर काढायचा, आणि तो याच आठवड्यात. स्वयंपाकाचा गॅस आईच्या हाती राहू द्यायचा, पण त्याच्या जोडीला विजेची एक शेगडी आणायची. आणि ‘आई सोबत असते म्हणून आम्ही निर्धास्त आहोत’ हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, त्यावर मला गॅस आणि विजेपेक्षा जास्त बोलायचंय.

हॅकमन यांचं आधी बघू, कारण तुमच्या घरातला वाद अर्धवट बातमीवर उभा आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे गावाजवळच्या घरात २६ फेब्रुवारी २०२५ रोजी ते आणि त्यांच्या पत्नी बेट्सी अराकावा मृत सापडले. ते ९५ वर्षांचे होते, दोन ऑस्कर मिळवलेले, २००४ नंतर पडद्यापासून लांब राहिलेले. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत सापडले, अंगावर जखमा नाहीत, म्हणून पहिला संशय गॅसवर गेला. तुमच्या अण्णांनी वाचली ती बातमी त्या दिवसांतली. पुढे घराची तपासणी झाली तेव्हा स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या एका बर्नरपाशी अगदी किरकोळ गळती निघाली, आणि तिचा या मृत्यूंशी संबंध नाही हे स्पष्ट झालं. दोघांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडही सापडला नाही.

७ मार्चला खरं कारण जाहीर झालं. बेट्सी उंदरांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या हंता विषाणूच्या फुप्फुसाच्या आजारानं गेल्या, १२ फेब्रुवारीच्या सुमारास. हॅकमन हृदयविकारानं गेले, आणि त्यांना अल्झायमर बराच वाढलेला होता हेही अहवालात आलं. छातीतल्या पेसमेकरच्या नोंदीवरून कळलं की त्यांचं हृदय १८ फेब्रुवारीपर्यंत चालू होतं. म्हणजे बायको गेल्यावर जवळजवळ आठवडाभर हा माणूस त्याच घरात होता. ती गेली आहे हे त्याला उमगलं असेल की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. त्याचं जेवणखाण, औषधं, डॉक्टर सगळं तीच बघायची. आणि तो गेल्यानंतरही आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता.

मी ते वाचलं तेव्हा शेगडीचा विचार माझ्या मनातही आला नाही. मला आपल्या आजूबाजूची घरं दिसली. जुळे सोलापूर घ्या, विजापूर रोड घ्या, होटगी रोड घ्या, मुलं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी आणि टू बीएचकेत दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक दुसऱ्याचं सगळं करणारं. तुमची बातमी त्या घरातली आहे, ताई. तिच्याकडे येतेच, पण गिझरचं आधी संपवते, कारण त्याला खरंच वेळ नाही.

हॅकमन यांच्या घरात गॅसनं कुणी मेलं नाही, म्हणून अण्णांचं म्हणणं बरोबर ठरत नाही. गॅस गिझरनं न्हाणीत माणसं जातात; दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या असतात. त्यामागचं गणित अण्णांना घालून दाखवा, शिक्षक आहेत, पटेल. एक किलो गॅस नीट जळायला पंधरा किलोंच्या आसपास हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर दहा मिनिटं चालला तर दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. चार बाय सहा फुटांची न्हाणी, दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकी बंद, झरोक्याला डासांसाठी पुठ्ठा लावलेला. त्या दहा मिनिटांत न्हाणीतल्या हवेचा तिसरा हिस्सा तरी त्या ज्वाळेनं वापरलेला असतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, हातपाय गळतात. माणसाला वाटतं पित्त झालंय, जरा टेकावं. कडी आतून लावलेली असते.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ यालाही उत्तर आहे. इतकी वर्षं अण्णांचा हात चपळ होता, आंघोळ पाच मिनिटांत उरकत होती, बर्नर नवा होता. आता बर्नरवर काजळी आहे, आंघोळीला वीस मिनिटं लागतात, आणि चक्कर आली तर स्वतः उठून कडी काढण्याची ताकद राहिलेली नाही.

गिझर लगेच बदलता येत नसेल तर तो न्हाणीबाहेर, उघड्या गॅलरीत लावून घ्या आणि आत फक्त पाण्याचा पाइप येऊ द्या. तोही मला अर्धाच उपाय वाटतो. तोवर बादली आधी भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार उघडं ठेवून हवा खेळू द्यायची आणि मगच अण्णांनी आत जायचं. न्हाणीची आतली कडी आजच काढून टाका. बाहेरूनही उघडेल असं कुलूप मिळतं, ते बसवा. आणि आईला हे नीट सांगून ठेवा: अण्णा आत असताना हाकेला ओ आली नाही तर दार उघडायचं, गॅस बंद करायचा, त्यांना मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. आतच बसून त्यांना हलवत राहायचं नाही, नाहीतर दोघंही पडतील.

त्याच्या जागी काय? सोलापुरात ऊन ही एकच गोष्ट भरपूर मिळते. गच्चीवर हक्क असेल तर सोलर हीटर बसवा, ढगाळ दिवसांसाठी त्यात विजेची कॉइल असलेला घ्या. ते जमत नसेल तर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा स्टोरेज गिझर दोघांना पुरतो. पाणी आंघोळीपुरतं तापायला वीस मिनिटं लागतात आणि वीज साधारण पाऊण युनिट. बोअरचं पाणी येत असेल तर कॉइलवर क्षाराचा थर चढतो, दरवर्षी साफ करून घ्यावा लागेल.

दादांना आता दुसरी बाजू सांगा. विजेला ते बिनधोक समजताहेत, तसं नाही. ओल्या न्हाणीतली वीजही जीव घेते. गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, हवा, आणि अर्थिंग खरंच चालू आहे का ते वायरमनकडून मोजून घ्यायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरती उरते. त्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, हे सोसायटीत कुणाला तरी आठवणीत ठेवायला सांगा. आणि एक गोष्ट घरात असेल तर आजच बाहेर काढा: बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड. विसराळू माणूस आणि रॉड एका घरात नकोत. पाणी तापलं का बघायला बोट घालणार, आणि बटण चालू असणार.

आता स्वयंपाकघर. इथे मी आईच्या बाजूनं आहे.

अमेरिकेत गॅसची शेगडी की विजेची हा वाद बरीच वर्षं चाललाय. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची जोडणी देण्यावर बंदी घातली, ती पुढे कोर्टात टिकली नाही. तिथला मुद्दा हवामानाचा आहे आणि घरातल्या हवेचाही. गॅसच्या ज्वाळेतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. हे आपल्याकडेही तितकंच खरं आहे, म्हणून गॅस पेटला की खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, हा नियम आईला लावा. पण तिकडची घरं थंडीसाठी बंद केलेली असतात आणि नळीनं येणारा गॅस घर तापवायलाही वापरतात. आपल्या घरात सिलिंडर आहे, खिडक्या आहेत आणि तव्यावर भाकरी आहे.

भाकरीचं आईचं म्हणणं तुम्ही दोघांनी हसण्यावारी नेलेलं दिसतंय. ते नेऊ नका. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, ते सुकलं की उलटली, आणि मग तवा बाजूला करून ती सरळ आचेवर धरली की टम्म फुगते. ती शेवटची धग इंडक्शनवर मिळत नाही, कारण तिथे आचच नसते. फडक्यानं दाबून तव्यावरच फुगवता येते, पण ती भाकरी वेगळी. कडक भाकरी करायची तर मंद आचेपाशी कितीतरी वेळ ती वाळवावी लागते. शिवाय भाकरीचा खोलगट तवा इंडक्शनच्या सपाट काचेवर बसतच नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि मातीचा तवा तर तापतच नाहीत. आयुष्यभर दोन्ही वेळेला भाकऱ्या बडवलेल्या बाईला ‘जुनं सोड’ म्हणायला आपल्याला काही वाटत नाही, पण तिच्या दिवसातलं जे तिला येतं आणि आवडतं तेच आपण काढून घेत असतो.

तेव्हा गॅस राहू द्या, पण नीट ठेवा. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खाली. नारिंगी सुरक्षा नळीवर मुदत छापलेली असते, ती वाचा; पाच वर्षं झाली असतील तर बदला. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. जुन्या शेगडीच्या जागी ज्वाळा विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्या. अण्णांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. आधण उतू जाऊन आच विझते आणि गॅस चालूच राहतो, तो धोका तिनं जातो. जळणाऱ्या पातेल्यावर मात्र ती शेगडी काही करत नाही. वय झालं की नाकही मंदावतं, आणि विसराळूपणा वाढत जाणाऱ्या माणसांचं तर जास्तच. गॅसला घातलेला तो उग्र वास अण्णांना येईलच असं धरून चालू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून गळती ओळखणारं यंत्र फरशीजवळ बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र वेगळं असतं आणि ते वर, डोक्याच्या उंचीला. दुकानदार एकच यंत्र दोन्हीसाठी म्हणून देईल, तर खोक्यावर नीट वाचून घ्या. गळती झालीच तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही नाही, एक्झॉस्टचंसुद्धा. दारंखिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर यायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा.

विजेची शेगडी कशाला, तर अण्णांच्या चहाला आणि आईच्या दूध-वरणाला. अण्णांसाठी मी शेगडीपेक्षाही विजेची किटली सुचवेन, पाणी उकळलं की आपोआप बंद होणारी. बोटानं स्पर्श करायच्या बटणांची, दहा दिवे लुकलुकणारी इंडक्शन त्यांच्यापुढे ठेवू नका. ज्याची नवी आठवण टिकत नाही त्याला नवं यंत्र शिकवणं म्हणजे रोज नव्यानं शिकवणं. एकच खटका असलेली किटली, गॅसजवळ जिथे चहापत्तीचा डबा असतो तिथेच ठेवलेली, ही त्यांच्या हाताला सवयीनं लागू शकेल. अण्णांना पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

खर्चाचा वाद तुमच्याकडे होणारच, म्हणून हिशोब देऊन ठेवते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता युनिटात मोजली तर १८० युनिटांच्या आसपास होते. गॅसच्या शेगडीवर त्यातला दोनतृतीयांश भाग भांड्याला लागतो, बाकी इकडेतिकडे जातो. इंडक्शनवर जवळजवळ ८५ टक्के भांड्याला मिळते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शन साधारण १४० युनिट घेते. तुमच्या बिलातला दर वहन आकारासकट घ्या, १४० नं गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी मांडा. फक्त कुठला दर घ्यायचा ते बघा: १०० युनिटांपुढे आणि पुन्हा ३०० पुढे दर चढतो, आणि ही वाढीव युनिटं वरच्या टप्प्यातच पडतात. दोन माणसांच्या घरात मला तरी हा फरक वाद घालण्याइतका वाटत नाही.

आता आईचं.

तुमच्या घरातलं सुरक्षेचं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे बहात्तर वर्षांची ती बाई आहे, आणि तिच्याबद्दल पत्रात भाकरीपलीकडे एक ओळही नाही. तिला बीपी आहे का, साखर आहे का, गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, अण्णा रात्री उठतात का? आठवड्यातून एकदा तरी ती घराबाहेर पडते का, भजनाला, मैत्रिणीकडे, सिद्धेश्वराच्या दर्शनाला? ती तापानं फणफणली तर अण्णांना फोन लावता येईल का? मला वाटतं येणार नाही. ‘दोघंच राहतात’ असं तुम्ही लिहिलंय. खरं म्हणजे एक राहते, आणि ती दुसऱ्याला सांभाळते. गॅसच्या बातमीनं तुमची झोप उडाली हे बरं झालं, पण तुम्ही भीती शेगडीवर ठेवलीत.

म्हणून आधी अण्णांना तपासून घ्या. विसरणं म्हणजे अल्झायमरच असं नाही. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, एखादं झोपेचं औषध चालू असलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर इलाज आहे. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, जमत नसेल तर सिव्हिलमध्ये जा. त्याच दिवशी आईचीही तपासणी करा, तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढून. ‘मला काय धाड भरलीय’ ती म्हणेल. तरी काढा.

मग रोजचं लावून घ्या. सकाळी ठरलेल्या वेळी तुमचा फोन, रात्री दादांचा. आणि फोन उचलला नाही तर तासाभरात दार वाजवणारा माणूस आधीच ठरलेला. समोरच्या बिऱ्हाडाला दाराची दुसरी किल्ली द्या, अगदी मोकळेपणानं सांगून द्या. किल्ली असूनही दार आतून कडी-कोयंडा लावून बंद असेल तर ती कामाची नाही, म्हणून ती सवय मोडा. दूधवाला आणि कामवाल्या मावशी, दोघांकडे तुमचा नंबर असू द्या: पिशवी दारातच दिसली, बेल वाजवून कुणी आलं नाही, तर फोन करायचा. मावशींना त्यासाठी महिन्याचे चार पैसे जास्त द्या, ते त्यांचं हक्काचं काम आहे. आईच्या फोनमध्ये तुमचा फोटो लावून पहिल्या बटणावर नंबर टाका, अण्णांना तेवढं दाबता येतं का ते बघा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तीही १९०६ आणि १०८ च्या शेजारी लिहा. घरात कॅमेरा लावायचा विचार दादांच्या डोक्यात येईलच. आईला विचारल्याशिवाय लावू नका. लावलात तर बैठकीत आणि स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत नाही.

आणि महिन्यातून दोन-तीन दिवस आईला सुट्टी द्या. शनिवारी सकाळी पुण्याहून निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचता. अण्णांजवळ तुम्ही बसायचं, तिनं बहिणीकडे जायचं, आणि तिथून तिनं फोन करून ‘औषध दिलं का’ विचारलं तर ‘दिलं’ एवढंच सांगून ठेवून द्यायचा.

अण्णांना हॅकमन यांची पूर्ण बातमी सांगायची का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सांगा. ते शिकवणारे आहेत, अर्धी बातमी त्यांना रुचणार नाही. सोबत बसून त्यांच्या आवडीचा एखादा सिनेमा लावा आणि तो संपल्यावर सांगा, चहा पिता पिता, आईही तिथेच असताना. गिझर काढायला माणूस येईल त्या दिवशी तुम्ही सोलापुरात असा. फोनवरून हे काम होणार नाही. अण्णा त्याला दारातूनच परत पाठवतील.